लाल, हिरवा आणि वरून एक लाल

१९८७च्या जानेवारीत आमची पलटण तवांगच्या वर, चीनच्या सीमेवर होती. मी लान्स नायक दिघे, रेडिओ ऑपरेटर. घर इंदूरला, वडील मिलमध्ये क्लार्क. आदल्या वर्षी चिनी सैनिक आमच्याकडच्या एका खोऱ्यात उतरले आणि तिथेच तळ ठोकून बसले. त्यावर आपलं सैन्य आजूबाजूच्या डोंगरांवर चढवलं गेलं. ते वाढले, आम्ही वाढलो. हिवाळा लागला तेव्हा आमच्या पोस्टवरून त्यांच्या चुलींचा धूर दिसत होता आणि त्यांना आमचा.

त्यातच दिल्लीने ठरवलं की अरुणाचल आता केंद्रशासित राहणार नाही, पूर्ण राज्य होणार. तारीख ठरली, वीस फेब्रुवारी. चीनचा थयथयाट झाला. तो मुलूखच आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्यापर्यंत यातलं एवढंच पोचलं की पहारेकरी दुप्पट करा, स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज राहण्याची वेळ, लांबवा, आणि काहीही झालं तरी पहिली गोळी आपल्याकडून सुटता कामा नये. हुकूम बरोबर होता. मला राग आहे तो हुकमाचा नाही.

पोस्टवर आम्ही एक सेक्शन, म्हणजे दहाएक जण होतो. कमांडर नायब सुभेदार रावत, गढवाली माणूस. माझा बडी होता मांगीलाल परमार, लाइनमन. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. एक झोपला की दुसरा जागा राहतो, आणि पोस्टच्या बाहेर कुणी एकट्याने पाऊल टाकत नाही. हा नियम कुठल्याही भिंतीवर लिहावा लागत नाही, तो अंगात मुरलेला असतो.

मांगीलाल सांवेरकडचा. इंदुराहून जेमतेम तासाभराच्या अंतरावरचं गाव. पंधरा भाषांच्या त्या पलटणीत आपल्या बाजूचा माणूस भेटला म्हणून मला झालेला आनंद त्याने आठवडाभरात उतरवला, कारण तो अखंड बोलायचा.

"भिया, देख लेना, हमारे खेत तक फैक्टरी आयगी," तो म्हणायचा. "फिर मैं गेट पे चौकीदारी करूंगा. वहां बरफ नी पड़ती."

"और मैं?"

"तुम मराठी लोग तो दफ्तर में ही अच्छे लगते हो. मेरा गेट-पास तुम बनाना."

त्याचं काम टेलिफोनच्या तारेचं. आमच्या पोस्टवरून एक तार खाली नाल्यापलीकडे तोफांपर्यंत गेली होती. बर्फ सरकलं की ती तुटायची आणि मांगीलाल ती जोडायचा. मी सोबत जायचो. रेडिओ सेट होता, पण समोरचा ऐकतो म्हणून नेट, म्हणजे रेडिओवरचं बोलणं, बंद ठेवलेलं असायचं. ठरलेल्या वेळी दोन्हीकडचे सेट उघडायचे, पटकन बोलायचं आणि बंद करायचे. मधल्या वेळात कितीही ओरडलं तरी पलीकडे ऐकायला कुणी नसायचं. म्हणजे खरा भरवसा त्या एका तारेचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्हेरी पिस्तूल म्हणून एक जाड नळीचं पिस्तूल असतं. त्यातून रंगीत उजेडाची गोळी आकाशात उडते, तिला व्हेरी लाइट म्हणतात. त्या महिन्यात आमचा सिग्नल होता लाल, हिरवा, लाल. त्याचा अर्थ, शत्रू पोस्टवर चढतोय, तोफा चालवा. तोफवाल्यांना हुकूम असा होता की हा सिग्नल दिसला तर आधी पोस्टला फोन लावायचा. फोन लागला तर पोस्ट सांगेल तसं करायचं. फोन लागला नाही तर पोस्ट गेली असं धरायचं, ब्रिगेडची परवानगी मागायची आणि फायर करायचा.

वीस तारखेला दुपारी वरच्या हेडक्वार्टरमधून एक कॅप्टन आले. सोबत दोन मोनपा पोर्टर, लाडवांचा डबा आणि कॅमेरा. नव्या राज्याचा पहिला दिवस सीमेवर कसा साजरा झाला याचे फोटो हवे होते. मोनपा म्हणजे तिथलेच लोक. त्यांचंच राज्य झालं होतं, पण ओझं त्यांच्याच पाठीवर होतं. कॅप्टननी त्यांना फोटोसाठी मधोमध उभं केलं. पोर्टरांपैकी थोरला, त्सेरिंग नावाचा, हसून म्हणाला, "साब, स्टेट बन गया तो अब रास्ता भी बनेगा?" सगळे हसले. तिरंगा फडकत होता. दिवस चांगला होता, ते मी नाकारत नाही.

उजेड उतरायला लागला तशी कॅप्टनना आणखी एका फोटोची हौस आली. तिरंग्याच्या मागे आकाशात रंगीत दिवे हवे होते.

"साहब, व्हेरी लाइट सिग्नल है," रावतसाहेब म्हणाले.

"सिग्नल तीन का है ना? हम दो छोड़ेंगे. एक लाल, एक हरा. बस."

"सामने दुश्मन है, साहब."

"आज त्योहार है. इट्स ॲन ऑर्डर."

लाल उडाला. हिरवा उडाला. फोटो निघाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग आमच्या डाव्या अंगाला, डोंगराच्या त्याच धारेवरच्या शेजारच्या पोस्टवरून एक लाल उडाला.

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या फौजी माणसाने शांततेच्या छावणीत एखादी दिवाळी काढली आहे त्याला हे माहीत आहे. मुदत संपलेल्या व्हेरी लाइट सणाला उडवून टाकतात, आणि एका पोस्टने उडवली की शेजारची पोस्ट एक उडवून उत्तर देते. राम राम केल्यावर राम राम म्हणावं तसं. शेजारच्यांनी आमचे दोन रंग पाहिले, टाळ्या ऐकल्या, आणि हाताशी होता तो रंग उडवला.

पण खाली तोफांपाशी उभ्या असलेल्या माणसाला धार एकच दिसते. त्याने पाहिलं ते लाल, हिरवा, लाल.

रावतसाहेबांच्या चेहऱ्याचा रंगच गेला. "फोन!" ते ओरडले.

मांगीलाल आधीच फोनपाशी होता. मुठीने हँडल फिरवत होता. "मरी पड़ी है, साहब. लाइन डेड."

दुपारी कधीतरी बर्फ सरकलं असणार. म्हणजे खालून तोफवाले हँडल फिरवत होते, वरून आम्ही फिरवत होतो, आणि मध्ये कुठेतरी तार तुटून पडली होती. मी नेट बंद ठेवायचा नियम तोडून सेट उघडला. हाक मारत राहिलो. पुढच्या वेळेला अजून अवकाश होता, त्यामुळे पलीकडचा सेट बंद होता. समोर चिन्यांनीही दिवे पाहिले होते. त्यांच्या खंदकांतून माणसं पळताना दिसत होती. रावतसाहेबांनी स्टँड-टू दिला आणि प्रत्येक जण आपापल्या मोर्च्यात गेला.

आता हिशेब सरळ होता. ब्रिगेडची परवानगी यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच आमच्या हातात होता. एकदा तोफा चालल्या की समोरचे थांबणार नव्हते, आणि मग ती लढाई आमच्या धारेपुरती राहणार नव्हती. एका फोटोपायी.

मांगीलालने तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं, टेस्ट फोन गळ्यात अडकवला. मी दोर आणि बर्फाची कुऱ्हाड घेतली.

"तू कहां?" कॅप्टननी मला विचारलं.

"बडी है, साहब."

"ऑपरेटर सेट पर रहेगा. मुझे सेट चाहिए."

"साहब, अकेले नाला पार..." रावतसाहेब बोलायला गेले.

"सेट पर रहेगा!"

ज्या सेटवर ऐकायला कुणी नव्हतं, त्या सेटवर मला बसवलं. आज इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. रावतसाहेबांनी मोर्च्यातून दुसरा माणूस काढायचं पाहिलं, पण समोर हालचाल वाढत होती आणि रायफली मोजक्याच होत्या. मांगीलालने माझ्या हातातून कुऱ्हाड घेतली. दोर ठेवून दिला. एकट्याला दोर कशाला लागतो?

"भिया, फोन पे कान रखना," तो म्हणाला. "मैं घंटी दूंगा."

तो तार हातात धरून उतरत गेला. लाइनमन असाच जातो, तार बोटांतून सरकवत, म्हणजे तुटलेली जागा हाताला कळते. वळणापर्यंत दिसला, मग दिसेना.

मी एका हाताने सेट लावून हाका मारत होतो आणि दुसऱ्या हाताने फोनला धरून बसलो होतो. कॅप्टन फेऱ्या मारत होते. त्यांनी एकदा विचारलं, "परमिशन इतनी जल्दी तो नहीं आएगी ना?"

घंटी वाजली.

"भिया, बोल रिया हूं. लाइन जुड़ गई."

"तोपखाना?"

"पहले उन्हीं को लगाया. बोल दिया, त्योहार के फटाके थे, दुश्मन नी है, फायर मत करना. मान नी रिये थे. बोले, तू कौन? मैंने कहा, लाइनमन परमार, और कौन आयगा इस ठंड में! लो, अब साहब से बात करा दो, तसल्ली हो जायगी उनको."

रावतसाहेबांनी फोन घेतला. पासवर्ड सांगितला, पोस्ट सलामत असल्याचं सांगितलं. पलीकडून तोफांच्या बॅटरीचे कमांडर बोलत होते. गोळे भरलेले होते, परवानगी आलेली होती. ते एवढंच म्हणाले, "आपका लाइनमन वक्त पर बोल गया." तोफांतले गोळे काढले गेले. समोरच्या खंदकांतली पळापळही हळूहळू थंडावली.

मी पुन्हा हँडल फिरवलं. मांगीलालने टेस्ट फोन काढला असणार, घंटी गेली नाही. मी कॅप्टनना विचारलंही नाही. दोर उचलला आणि निघालो. रावतसाहेबही आले. तार आम्हीही हातात धरली. नाल्याच्या पलीकडच्या चढावर नवा जोड सापडला, घट्ट, वर टेप गुंडाळलेली. तिथून परतीच्या वाटेवर बर्फाची एक कड तुटली होती. खाली हाका मारल्या. तो पहाटेच्या उजेडात सापडला. टेस्ट फोन गळ्यातच होता.

त्सेरिंग आणि दुसऱ्या पोर्टरने त्याला वर आणलं. त्या दोघांना कुणी हुकूम दिला नव्हता.

चौकशी झाली. मी बोललो, रावतसाहेब बोलले, अगदी स्पष्ट बोललो. निष्कर्ष आला तो असा: लाइन दुरुस्त करताना पाय घसरून मृत्यू, शत्रूची कारवाई नाही, सुरक्षेच्या सूचनांकडे मृताने दुर्लक्ष केले. म्हणजे त्याने! बडी न घेता तो गेला म्हणून. व्हेरी लाइटचा उल्लेख नव्हता. तो फोटो मात्र मी पुढे एका मेसच्या भिंतीवर फ्रेममध्ये पाहिला. तिरंगा, मोनपा, मागे लाल आणि हिरवा. फार सुरेख आला होता. मी तिथे जेवलो नाही.

सुट्टीत त्याच्या गावी गेलो. बायको विशीतली होती, शांताबाई. तिच्यापासून काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली आणि शेवटी मला चहा दिला. पुढे मी हवालदार होऊन निवृत्त झालो, इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. मांगीलालच्या शेतापर्यंत फॅक्टरी खरंच आली. शांताबाई तिथे कँटीनमध्ये लागल्या. आता त्याही थकल्यात.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या काही मंडळींनी चौकात शहीद स्तंभ उभारायचं ठरवलं. इंदूर आणि आसपासच्या जवानांची नावं कोरायची होती. तुकोगंजात त्यांच्या ऑफिसात बैठक होती. मी शांताबाईंना घेऊन गेलो. समितीचे सचिव तरुण आणि आपल्यातलेच, पण मराठी बोलताना अडखळणारे.

"काका, रिस्पेक्ट पूरा आहे," ते म्हणाले. "पण क्रायटेरिया असा आहे की वॉरमध्ये गेलेले पाहिजेत. सत्त्याऐंशीला तर कुठली वॉर झालीच नाही ना? आणि पेपरमध्ये ॲक्सिडेंट लिहिलेला आहे."

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. टेबलावर हात आपटला हे खरं. त्यांना म्हणालो, ज्याने पाप केलं त्याने काढलेला फोटो भिंतीवर आणि ज्याने ते निस्तरलं त्याचं नाव दगडावरही चालत नाही, ही कुठली रीत? सचिव पाण्याचा ग्लास पुढे करत राहिले. "काका, बीपी वाढेल. समझो ना."

शांताबाईंनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं. मग त्या सचिवांकडे वळल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"बेटा, तोपां चली थी कईं?"

"नहीं अम्माजी. वही तो मैं कह रहा हूं. नहीं चलीं."

"तो वी कईं करवा गया था वां?"

मग ते तिथे काय करायला गेले होते, एवढंच त्या माळवीत विचारत होत्या; तोफा चालू नयेत म्हणूनच तर तो गेला होता. सचिवांनी मान खाली घातली.

स्तंभ उभा राहिला. नाव नाही. आम्ही अर्ज पुन्हा दिला आहे, पुन्हा देऊ. तोवर हे इथे लिहून ठेवतो. लाइनमन मांगीलाल परमार, मुक्काम सांवेरजवळ. अरुणाचल राज्य झालं त्या दिवशी सूर्य मावळताना एकटा नाल्यात उतरला, तार जोडली आणि निरोप दिला. त्यानंतर आमच्या पोस्टवरचा बाकीचा प्रत्येक माणूस आपापल्या घरी परतला, आणि समोरच्या खंदकातलेही परतले असतील.