बारा चाळीस

मी ऑफिसातल्या सरांच्या खुर्चीवर बसायला लागले तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नागपूरच्या आमच्या ऑफिसात रामटेककडच्या विहिरींतल्या पाण्याच्या नोंदी यायच्या, आणि त्या भरायला एकच कॉम्प्युटर होता. तो चालवता यायचा फक्त त्यांना. मे महिन्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि ते घरीच वारले. कोर्स केलेली म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

यंत्र भयंकर सुस्त होतं. सकाळी बटण दाबलं की आधी तारीख आणि वेळ विचारायचं, कारण बंद असताना त्याला वेळेचं भान राहत नसे. मी मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ टाइप करायचे. मग ते घरघरत बसे. माझा चहा संपायचा, तरी पडदा तयार नसायचा.

पहिल्याच दिवशी, नोंदी भरता भरता, यंत्र तीनदा कर्कश वाजलं. आकडे पुसले गेले आणि पडद्याच्या मधोमध इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली : निघ गा आता.

मी ताडकन उठले. घड्याळात बारा चाळीस झाले होते. कुठलंतरी बटण दाबल्यावर ओळ गेली आणि आकडे परत आले.

दाराबाहेर आमचे म्हातारे शिपाईकाका उभे होते. म्हणाले, "वाजलं ना? सर होते तवा रोज याच टायमाले वाजे. सर अजून जाऊन नाही राहिले, मॅडम. त्या टायमाले मी आत येत नाही."

मी हसले, पण दुसऱ्या दिवशी साडेबारापासून माझं लक्ष विहिरींवर नव्हतं.

साहेबांनी सांगितलं, काहीही करा पण हे यंत्र जोरात पळवा. म्हणून मी सुरुवातीची फाइल उघडली. यंत्र जागं होताच काय काय सुरू करायचं याची यादी त्या फाइलमध्ये असते. सरांनी त्यात अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्यांतले बरेच प्रोग्राम एकदा सुरू झाले की दिसत नसत, मेमरीत मागे बसून राहत आणि आपलं काम चालू असताना जागा खात. मी रोज एक ओळ काढायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि काही बिघडतं का ते बघायचे. कॅल्क्युलेटर गेला. कोपऱ्यातलं घड्याळ गेलं. प्रिंटरसाठी रांग लावणारा प्रोग्राम गेला. यंत्र हलकं होत चाललं. शेवटी बारा चाळीसला वाजणाऱ्या त्या प्रोग्रामची ओळ उरली. तिच्यावर बोट ठेवून मी दोन दिवस थांबले. रोज सकाळी त्याला वेळ मीच सांगत होते, म्हणजे ते मीच वाजवत होते, असं काहीसं मनात येऊ लागलं.

रविवारी मी सरांच्या घरी गेले, जरीपटका वस्तीच्या मागच्या बाजूला. त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या. मी काय वाजतं ते सांगितलं.

"माझ्या सासूबाई खाटेवर होत्या," त्या म्हणाल्या. "मी शाळेत. हे बारा चाळीसले निघत, घरी येऊन त्यांले पाणी पाजत, भरवत. एक दिवस कामात राहून गेलं. तीन वाजता आले, तर म्हातारी खाली पडलेली, पाण्याकडे सरकत सरकत गेलेली. आठ दिवसांत गेल्या."

"मग हे त्या वेळचं असेल," मी म्हटलं.

"कसं असंल वं? कॉम्प्युटर त्याच्या पुढच्या वर्षी आला."

त्या उठून आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. खाट अजून तिथेच होती, गादी नसलेली.

"मी शाळेतून आली की खाटेजवळ पाण्याचा भरलेला गडवा असे. रोज. मले वाटे, सकाळी मीच सवयीनं ठेवून जाते. ते पाणी मी झाडाले टाकून देई. मेपासून गडवा नाही. मले वाटलं, आता मी विसरून राहिली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भर उन्हात येत होते वं ते. मले एका शब्दानं नाही सांगितलं."

त्या बुधवारी त्या ऑफिसात आल्या. खोलीबाहेर चपला काढून माझ्या शेजारी बसल्या. बारा चाळीसला यंत्र वाजलं. त्या दचकल्या नाहीत. ओळ वाचली आणि म्हणाल्या, "केवढ्यानं वाजते! त्यांले ऐकू कमी येई, म्हणून." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "काढ वं बाई ते. किती दिवस उठवशील त्यांले?"

मी ओळ पुसली. यंत्र पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटांच्या आत पडदा तयार झाला. साहेब खूश झाले. शिपाईकाका दुपारी आत येऊ लागले.

पण पुसण्याआधी, त्या येण्याच्या आदल्या दिवशी, मी तो प्रोग्राम एका फ्लॉपीवर उतरवून घेतला होता. का, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांना मी ते बोलले नाही. दोन पावसाळ्यांत फ्लॉपीला बुरशी धरली आणि ती कुठल्याच यंत्रात उघडेना. तरी ती माझ्या कपाटातून कुणाला काढू दिलेली नाही.