हरलेल्या झेंड्यांचं अस्तर

अक्का आत भाजी निवडत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीत बापलेकांची जुंपली. बाप म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शिंपी. मशीनवर हात चालायचा तितकीच जीभही चालायची. फुटबॉलचा विश्वचषक आला की जो जिंकेल असं त्याला वाटे त्या देशाचा झेंडा शिवून दुकानाच्या दारावर लावायचा, ही त्याची हौस.

"बाबा, तुम्हाला कापडातलं कळतं, फुटबॉलमधलं नाही! तुमचं एकदा जरी खरं ठरलं ना, तर पुन्हा तोंड उघडणार नाही तुमच्याशी."

"मग आत्ताच मिट की!"

पोरगा त्याच तिरमिरीत घर सोडून गेला, लांब कुठे कामाला लागला. बापानं फोन लावला तर उचलेना. पण शिंप्याचा संघ पहिल्याच फेरीत आपटला आणि पोराचा फोन आला. "काय बाबा, कुणाच्या विजारीत गेला तुमचा देश?" कारण हरलेला झेंडा वाया जात नसे, त्याचं खिशांना अस्तर लागे. शिंपी इतका हसला, इतका हसला, की डोळे पुसावे लागले.

तेव्हापासून तो शहाणा झाला. दर विश्वचषकाला सगळ्यांत दुबळा संघ हुडकायचा, झेंड्याला कच्चे टाके घालायचा, म्हणजे उसवायला सोपं. संघ हरायचा, फोन यायचा. मधल्या काळात नाही.

यंदा त्यानं नकाशावर बोटाखाली झाकला जाईल असा देश निवडला. गिऱ्हाइकं म्हणाली, "मामा, यांचे सामने यांच्या आया तरी बघतात का?"

आणि तो संघ जिंकतच सुटला. शिंप्याला घास उतरेना. "अक्का, थांबणार कुठे गं हे मेले?"

थांबलेच नाहीत. चषक घेऊन गेले. गल्लीनं शिंप्याला खांद्यावर नाचवलं, आणि तो वरून मुठीतल्या फोनकडे बघत राहिला.

"रागातलं बोलणं रे ते, विसरला असेल तो," अक्का म्हणाली.

"कसा विसरेल? माझ्यावर गेलाय."

फोन आला नाही. झेंडा दारावरच राहिला, कच्चे टाके एकेक करून सुटत गेले. शिंप्याचंही तसंच झालं.

अंथरूण धरलं त्याच्या आदल्या दिवशी तो शेवटचा बाहेर पडला, नेहमीच्याच कामाला. यंदाचे सामने संपल्यापासून रोज कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून फोनची घंटी तपासून आणायची, हा त्याचा शिरस्ता. मोबाइलवाल्यानंच हे नंतर अक्काला सांगितलं. त्यानं आपल्या फोनवरून नंबर लावला. शिंप्याच्या हातात घंटी खणखणली.

"वाजतोय की, मामा. काही झालेलं नाही याला."

शिंप्यानं ती शेवटपर्यंत वाजू दिली. मग फोन खिशात घातला, कुठल्याशा हरलेल्या देशाच्या अस्तरात, आणि घराकडे वळला.