मागे गेलेला चेंडू

कर्वेनगरच्या मैदानावर बास्केटबॉलचे सामने असले की गुणफलक मी सांभाळतो. तिथं पंच म्हणून येणाऱ्या एक बाई आहेत. बोलणं तुटक. कुणी हुज्जत घातली की म्हणतात, "आपण खेळा, शिट्टी मी वाजवते." सामन्याआधी मात्र चहासुद्धा घेत नाहीत, पोटात ठरत नाही म्हणतात.

परवाच्या अंतिम सामन्यात आमच्या मुली एका गुणानं पुढे होत्या, वेळ संपत आली होती. पाहुण्या संघानं आमच्या अर्ध्या मैदानात आणलेला चेंडू निसटून मधल्या रेषेमागे गेला आणि त्यांच्याच मुलीनं तो उचलला. पुढे आणलेला चेंडू असा मागे नेता येत नाही. बाईंनी शिट्टी वाजवली, चेंडू आम्हाला दिला. प्रेक्षक नाचायला लागले.

बाई दुसऱ्या पंचांकडे गेल्या. "आपण जवळ होतात. इथल्या मुलीचं बोट लागून गेला का चेंडू?" तसं असेल तर नियमभंग होत नाही. पंचांनी गर्दीकडे नजर वळवली.

"अहो, मी विचारतेय."

शेवटी त्यांनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी निर्णय फिरवला. चेंडू पाहुण्यांना मिळाला, त्यांनी बास्केट केली आणि आम्ही हरलो.

फाटकाशी चिडलेले लोक जमले. मी बाईंसोबत निघालो. मलाच धडकी भरली होती.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर लगेच विचारलं. नंतर धीर झाला नसता."

कुणीतरी भिरकावलेली पाण्याची बाटली पायाशी पडली. बाईंनी मागे पाहिलं नाही, पण रस्त्यावर पोचेपर्यंत माझा दंड घट्ट धरून ठेवला.