कागद कडू होता काय?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. बुलढाण्यातल्या एका कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या कुठल्या रिसेप्टरला काय चिकटलं की मेलेली माणसं दिसतात, हे फळ्यावर काढून दाखवणं माझं पोटापाण्याचं काम. तरीही हे लिहितेय...

गेल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी, साखरखेर्ड्याला काकूंकडे. दुपारचे तीन. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा चुलतभाऊ ओंकार गच्चीवर भिंतीला टेकून एकटाच हसत होता. डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढ्या मोठ्या. मित्रानं दिलेला नखाएवढा कागद जिभेखाली ठेवला होता म्हणे.

"एलएसडी हाय ताई, घाबरू नको."

काकू रडकुंडीला आल्या. "दवाखान्यात नेऊ काय वं याले?"

"काही होत नाही काकू. संध्याकाळपर्यंत उतरते." शिवाय गावात बोभाटा नको. मी खुर्ची टाकून बसले आणि चक्क चहा मागवला. पाऊण तास गेला. मोठी विदुषी ना मी!

मग ओंकार माझ्या खांद्यामागे बघायला लागला. "ताई, तुह्या मांगं मोठे बाबा उभे हायेत. म्हणून राह्यले — कागद कडू होता काय, विचार त्याले."

मोठे बाबा म्हणजे माझे वडील. सुलतानपूरला कंपाउंडर होते, ओंकारच्या जन्माआधीच गेले. कोणी काही गिळून आलं की आधी चव विचारायचे.

मी ताडकन उठले, पण भुताच्या भीतीनं नाही. एलएसडीला चव नसते. कडू लागतात ती त्याच्या नावावर खपवलेली दुसरी कृत्रिम रसायनं. रिसेप्टर तोच, पण रक्तवाहिन्या आवळतात, ताप चढतो, झटके येतात. दरवर्षी शिकवते मी हे!

"ओंकार, कडू होता?"

"लय कडू. जीभ बधिर झाली माही."

मेहकरच्या दवाखान्यात नेताना गाडीतच त्याला झटके आले. तिसऱ्या दिवशी किडन्या बंद पडल्या आणि आमचा ओंकार गेला. तासभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मेलेला माणूस का दिसला, ते मी समजावू शकते. पण मेकॅनिकलच्या पोराला नेमका तोच प्रश्न कुठून सुचला? खूप वाचलं, विचारलं... उत्तर नाही.

काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या वैशूनं चव विचारली, म्हणून दवाखान्यापर्यंत तरी पोचला माहा ओम्या." मी मान खाली घालून ऐकते. तो प्रश्न माझा नव्हता, मी तर चहा पीत बसले होते — हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.