पाटावरचे सेन्सर

पंपाचं बेअरिंग तापलं की आबा तळहाताच्या मागच्या बाजूनं ओळखायचे, पोराचं कपाळ बघावं तसं. तापीकाठच्या आमच्या उपसा योजनेचे ते जुने ऑपरेटर, आणि मी त्यांच्या हाताखालचा माणूस. माझं गाव परभणीच्या पलीकडे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढं पाइपलाइन खोदणाऱ्या टोळीबरोबर इकडं आलो, टोळी परत गेली आणि मी राहिलो. पंपहाउसमागची खोली, पगार, आबांच्या घरून येणारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एवढं मिळालं की माणूस ते जाईल म्हणून भीतच राहतो. मी अजून भितो.

लोणखेड्याची एक ताई डिप्लोमा करून आली आणि तिनं दोन्ही पंपांच्या बेअरिंगमध्ये बोटभर लांबीचे सेन्सर बसवले. त्यांच्या तारा भिंतीवरच्या पॅनेलला जोडल्या. तिथं दोन आकडे दिसायचे, एक नंबरच्या पंपाचा आणि दोन नंबरचा. बेअरिंग तापलं की आकडा चढणार, फार चढला तर घंटा वाजणार. मग माझा हात काय शोभेला आहे का, असं आबांनी विचारलं आणि चहा मागवला.

मला मात्र तो आकडा बघतच बसावंसं वाटायचं. लोखंडाच्या पोटात चाललेलं भिंतीवर दिसतं म्हणजे काय! ताईनं एकदा एक सेन्सर माझ्या मुठीत दिला. आकडा हळूहळू चढला आणि पस्तिसाच्या आसपास थांबला. हा तुम्ही, ती म्हणाली. शाळेत असं कुणी काही दाखवलं असतं तर, असं मनात येऊन गेलं.

दसऱ्याला आमच्याकडे पोट ज्यावर चालतं ते सगळं पाटावर मांडतात. नट खोलायचे पाने, पक्कड, ग्रीसची बंदूक. मला वाटलं, ताईच्या विद्येलाच तेवढं वगळायचं का? दोन्ही पंपांतून सेन्सर तारांसकट उपसले, मधल्या पाटावर ठेवले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी पुसून परत बसवले. दोन्ही तारा काळ्या, एकसारख्या.

आठवड्यानं, भर दुपारी, घंटा वाजली. दोन नंबरचा आकडा चढत होता. आबांनी दोन नंबर बंद केला. केळीवाल्यांची पाण्याची पाळी होती, त्यांचे फोन सुरू झाले, मग त्यांतले दोघं स्वतःच येऊन दारात उभे राहिले. पंप थांबून अर्धा तास झाला तरी आकडा चढतोच आहे. आबांनी बंद पंपावर हात ठेवला. तो गार होत आलेला.

ताई स्कूटीवरून आली तेव्हा आबा खुर्चीत रेलून बसले होते.

"ताई, बंद पंपले बी ताप येस का?"

केळीवाले हसले. आबांचं म्हणणं साधं होतं. तारा काढा, दोन नंबर चालू करा, आणि हे डबडं घेऊन जा म्हणून योजनेच्या समितीला सांगू. ताई दोन्ही आकडे बघत होती. बंद पंपाचा चढत होता आणि चालू पंपाचा उतरत होता.

"आकडा खोटा नाही, आबा. तापतंय हे नक्की. फक्त तिथं नाही," असं म्हणत तिनं एक नंबर बंद केला. आबांनी त्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. घंटा दोन नंबरची म्हटल्यावर एक नंबरकडे त्यांनीही बघितलं नव्हतं.

तारा उलट्या लागल्यात, ताई म्हणाली, बसवताना माझ्याच हातून झालं असणार. मग असलं यंत्र नकोच, मीटिंगमध्ये बोलतो, असं एक केळीवाला म्हणाला. ठीक आहे, म्हणून तिनं मान हलवली.

मी गप्प राहिलो असतो तर तिथंच मिटलं असतं. खोली राहिली असती, भाकरी राहिली असती. पण मुठीतला तो आकडा आठवत होता.

"मी काढले होते," मी म्हणालो. "पूजेला."

"कसानी पूजा?" आबांनी विचारलं.

"सेन्सरची. दसऱ्याला पाटावर ठेवले होते." मी ताईकडे वळलो. "तुमचे म्हणून."

आबा पुढं सरकले.

"कुकू बी लावं?"

"लावलं."

आधी ती हसली, मग आबा. केळीवाल्याला हसावं की नाही ते कळेना.

आम्ही दोन नंबर चालू करून पाणी सोडलं आणि एक नंबरचं बेअरिंग उघडलं. ग्रीस जळून काळं झालेलं. अजून थोडा वेळ गेला असता तर शाफ्टच गेला असता, असं आबा स्वतः केळीवाल्यांना म्हणाले. मीटिंगमध्ये यंत्राविरुद्ध कुणी काही बोललं नाही. घंटा वाजली त्या दिवशी मात्र मला ठेवणार की नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. रात्रभर पिशवी भरून बसलो होतो. सकाळी भाकरी आली, तेव्हा पिशवी रिकामी केली.

ताईनं तारांना बांधायला पत्र्याचे दोन बिल्ले आणले आणि ऑइलपेंटचा डबा माझ्यापुढे ठेवला. नंबर तुम्हीच लिहा म्हणाली. कितीतरी वर्षांनी काही लिहीत होतो. दोनचा आकडा जरा वाकडा आलाय, तो तसाच आहे. आता दर तासाला दोन्ही आकडे मी रजिस्टरला लिहितो. आबा आधी बेअरिंगवर हात ठेवतात, आपला अंदाज सांगतात, आणि मग मला विचारतात, भिंत काय म्हणते.