दिवसा झोपणाऱ्याची तक्रार

माझे वडील मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात एका कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रीचे चौकीदार होते. आवारात कापसाचे ढीग उघडे पडलेले असतात. एक ठिणगी पुरते, म्हणून तिथे डोळा लागणं चालत नाही. सकाळी घरी आले की भाकर खाऊन ते झोपत. शेजारी डीजेवाला राहायचा. लग्नसराईत तो रोज दुपारी दारापुढे स्पीकरच्या पेट्या मांडून वाजवून बघायचा. आमच्या फळीवरची भांडी थरथरायची आणि वडील कानावर उशी दाबून पडून राहायचे.

एकदा मालकाने त्यांना खुर्चीत पेंगताना पाहिलं. पुन्हा दिसलास तर दुसरा माणूस ठेवतो, एवढंच तो म्हणाला. आमच्या घरात दुसरी मिळकत नव्हती. माझं बी.ए. त्याच चौकीदारीवर झालं होतं.

घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे गल्लीचे अर्ज माझ्याकडे यायचे. नळाचा असो की खांबावरच्या दिव्याचा, अर्ज हिंदीत लिहायचा आणि सहीसाठी घरोघर फिरवायचा. एकही घर सोडायचं नाही, सोडलं तर ते लोक वर्षभर तोंड फिरवतात. या वेळी मात्र अर्ज डीजेच्या आवाजाविरुद्ध पोलिसांना द्यायचा होता, म्हणून मी डीजेवाल्याचं दार टाळून पुढे गेलो. माय ओट्यावरून बघत होती.

"त्याईचं घर काहून सोडलं? काकू म्हणन, आमाले वाळीत टाकलं."

"अगं, तक्रारच त्यांच्या पोराची आहे."

"मंग काय झालं? सांगून सही घे."

डीजेवाला घरी नव्हता. त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, मी अर्जातला मजकूर मराठीत सांगितला. त्यांनी पदराला हात पुसले. "माह्यं बी डोकं उठते बाप्पा. पोट्टा आयकतच नाही," म्हणाल्या आणि सावकाश सही केली.

पोलीस ठाण्यातल्या मुन्शींनी, म्हणजे तिथल्या कारकुनांनी, अर्ज वाचला.

"रात दस के बाद बजाता है?"

"नाही साहेब, दुपारी."

"तो दिन में कौन सोता है भाई?"

"रात्री चौकीदारी करतो तो."

ते सह्यांवरून बोट फिरवत एका जागी थांबले आणि ही कोणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आतल्या खोलीकडे हाक दिली, "अरे सुनो, माँ ने बेटे की शिकायत की है!"

संध्याकाळी गल्लीत शिपाई आला. तो जवळच्याच सौंसरकडचा, आमच्यासारखंच बोलणारा. डीजेवाला उसळला.

"कायदा रातचा हाये साहेब. दिवसा मी काहीबी वाजवीन. हा बी.ए.वाला मले शिकवून राहिला!"

"मी कुठं काही म्हणून राहिलो? तुह्या मायची सही हाये, तिले विचार," शिपाई म्हणाला.

ओट्याओट्यावर लोक हसले. काकू दारात आल्या.

"हो, मीच केली. शेजारच्याची रोजी जाऊन राहिली अन तू पेट्या ठोकून राहिला. वावरात नेऊन वाजव."

"नेता नेता बिघडल्या तं?"

"बिघडू दे. तुह्यं लगन असन तवा वाजव येथी."

शिपायाने काहीच लिहून घेतलं नाही. गाडीला किक मारून तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून डीजेवाला पेट्या टेम्पोत घालून गावाबाहेर संत्र्याच्या बागेकडे नेऊ लागला. तो सबंध हंगाम माझ्याशी बोलला नाही. वडिलांशी बोलायचा.

मला शिकल्याचा अभिमान होता, अजूनही आहे. पण नियम माझ्या बाजूने नव्हता आणि माझ्या हिंदीने मुन्शींचं मत बदललं नसतं. त्या सहीबद्दल मी काकूंचे आभार मानायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय?" आणि तांदूळ निवडत राहिल्या.

कापसाचा हंगाम संपून जिनिंग बंद होईपर्यंत मालकाने वडिलांना पुन्हा टोकलं नाही. पुढच्या हंगामाचा नवा कापूस आला तेव्हा बोलावणं त्यांनाच आलं. त्या दुपारी ते नीट झोपले आणि उठून डबा घेऊन कामावर गेले.