वरच्या आळीचे पिझ्झे

आनंदा तसा हिशोबाचा पक्का माणूस. वस्तीवर लग्न असो, नामकरण असो की बुद्धपौर्णिमेची खीर, तांदूळ किती भिजवायचे हे विचारायला लोक त्याच्याकडंच येतात आणि सहसा काही उरत नाही, कमी पडत नाही. असा हा माणूस पिझ्झ्यापुढं मात्र पार गारद झाला. आठवडाभर त्याच्या घरात दुसरा विषय नव्हता.

निमित्त तृप्तीचं. तृप्ती त्याची थोरली लेक. नर्सिंगचं शिकून बावधनला एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागली. आणि पार्टी मागितली ती कैलासनं. कैलास म्हणजे वरच्या आळीतल्या हैबतरावांचा मुलगा, उरवड्याच्या कारखान्यात आनंदाच्याच शिफ्टला. "पोरीला नोकरी लागली, मंग पार्टी कुटाय?" असं तो चारचौघांत बोलून गेला. आता असं कुणीही म्हणतं हो. पार्टी मागायची आपल्याकडं रीतच पडलीय, त्यात काही मनावर घेण्यासारखं नसतं. पण आनंदानं ते मनावर घेतलं.

कारण वरच्या आळीचं कुणी आजवर आनंदाच्या घरी जेवलं नव्हतं. भांडण नव्हतं, बरं का. हैबतरावांच्या घरच्या लग्नात आनंदा मांडव घालण्यापासून खपायचा, जेवून यायचा. हैबतरावांची बायको धोंडाबाई साखर तपासायला तृप्तीपुढं हात करायची आणि तिच्या तोंडावरून हातही फिरवायची. सगळं कसं गोडीगुलाबीचं! पण आनंदाच्या घरी कार्य असलं की ही माणसं यायची, खुर्चीवर टेकायची, नारळ द्यायची आणि पानं मांडायच्या आत कुणालातरी म्हशीची धार आठवायची. कुणी नको म्हणत नसे आणि का नको, हे कुणी विचारत नसे. आनंदाच्या बापाचं आयुष्य असंच गेलं. आनंदाचीही पन्नाशी आली होती.

मग पिझ्झाच का? तृप्तीला वाटलं, बाबांना नव्या पदार्थाचं अप्रूप. इंदूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो प्रकार मुळीच पटत नव्हता. घरी पुरीभाजी करू, शिरा करू, असं तिचं चाललेलं. पण आनंदा हटून बसला. त्याच्या डोक्यात एक गोष्ट होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही. दुकानातल्या पेढ्यांचा बॉक्स पुढं केला की हैबतराव पेढा उचलतात. थंड पेयाची बाटली त्यांना चालते. पिझ्झाही दुकानातूनच येतो, खोक्यात बंद होऊन. आपल्या घरच्या चुलीचा, भांड्याचा, हाताचा त्याला संबंधच येत नाही. खोकं उघडायचं आणि घ्या म्हणायचं. एकदा, निदान एकदा तरी त्या माणसांनी आपल्या अंगणात बसून पोटभर खावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसानं किती झुरावं!

आता आकड्याचं बघा. मोठा पिझ्झा तिघांना पुरतो, असं तृप्तीनं सांगितलं. आपल्या वस्तीचं काही अवघड नव्हतं. तिथं चूलबंद आवतण, म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे जेवायला येणार. ते त्यानं बोटांवर मोजून मोकळं केलं. गाडं अडलं ते वरच्या आळीपाशी. त्यांना धरलं आणि ते जेवले नाहीत, तर खोक्यांची थप्पी अंगणात राहणार आणि सगळ्या गावाला दिसणार. नाही धरलं आणि नेमके याच खेपेला बसले, तर पाहुण्याला कमी पडलं म्हणून तोंड दाखवायला जागा नाही. कधी तो फक्त हैबतरावांचं घर धरायचा, कधी त्यांची भावकी धरायचा, आणि चहा पिऊन होईतो सगळ्यांना वगळायचा.

शेवटी तृप्तीच म्हणाली, "बाबा, वरच्या आळीचे धरू नका."

पोरीला सगळं कळलं होतं तर. आनंदानं तिच्याकडं बघायचं टाळलं. "धर," तो म्हणाला. "समद्यांचं धर."

पार्टीच्या दिवशी त्याचा पुतण्या धम्मपाल रिक्षा घेऊन पिरंगुटला गेला. पिझ्झेवाले इतक्या आत आणून द्यायला तयार नव्हते. येताना रस्त्यात कंटेनर आडवा झालेला, गाड्यांची ही रांग. रिक्षा दारात आली तेव्हा पाहुणे यायच्या बेतात होते आणि पिझ्झे गारढोण. इंदूबाईनं एक खोकं उघडून बघितलं. वरचं चीज चामड्यासारखं झालेलं. मग तिनं कुठलीही बाई करील तेच केलं. आलेल्या माणसाला गार कसं वाढायचं? तिनं गॅसवर भाकरीचा मोठा तवा चढवला, तुपाचं बोट फिरवलं आणि एकेक पिझ्झा गरम करून आपल्या ताटल्यांत काढायला घेतला. वास असा सुटला की वस्तीवरची पोरं दाराशी गोळा झाली.

आनंदा तेव्हा अंगणात खुर्च्या मांडत होता. त्यानं इंदूबाईला सांगितलंच नव्हतं ना! पण सांगणार तरी काय, तुझा हात लागू देऊ नको म्हणून? जिच्या हातचं खाऊन इतकी वर्षं काढली, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

वरच्या आळीची माणसं आली. खरोखरच आली, भावकीसकट. आनंदाची नुसती धांदल उडाली. हैबतरावांनी तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला, गावाचं नाव काढलंस म्हणाले. धोंडाबाई आणि तिच्या जावा दारालगतच्या खुर्च्यांवर बसल्या. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. त्यांनी तवा बघितला, इंदूबाईचा हात बघितला आणि एकमेकींकडं बघितलं. तेवढ्यात तृप्ती वाफाळत्या ताटल्या घेऊन बाहेर आली.

हैबतरावांचा म्हणे गुरुवार होता. धोंडाबाईची साखर वाढली होती. भावकीतले आत्ताच जेवून आले होते, सगळेच्या सगळे. थंड पेय मात्र सगळ्यांनी घेतलं, बाटलीला तोंड लावून.

आनंदा आत गेला. सगळा राग त्याला काढायचा होता तो बाहेर बसलेल्यांवर, आणि निघाला बायकोवर. "तुला कुनी सांगितलं गॅस पेटवायला?" तो म्हणाला. "खोकी तशीच द्यायची व्हती." इंदूबाईच्या हातात उलथणं तसंच राहिलं. आधी तिला अर्थ लागला नाही. मग तिनं दारातून बाहेर बघितलं, त्या भरलेल्या ताटल्या बघितल्या आणि पिझ्झा का, पुरीभाजी का नाही, हे तिला लख्ख कळलं. तिनं हळूच गॅस बंद केला.

मंडळी उठली. कैलास मुद्दाम मागं राहिला. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. तो दारापाशी येऊन आनंदाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "हितं बापासमोर जमत न्हाई, आनंदा. उद्या डब्यात आण की. तितं खातो मी."

कारखान्यात कैलास रोजच आनंदाच्या डब्यातलं खायचा. इंदूबाईच्या हातची सुकटीची चटणी असली की आनंदाला निम्मीच मिळायची. म्हणून ती डब्यात कायम दोघांपुरतं भरायची, कैलासभावजींचं म्हणून.

"आणतो," आनंदा म्हणाला. तोंडातून निघून गेलं. इंदूबाई मागंच उभी होती.

वस्तीची माणसं जेवली, हसली, पोरांनी चीज ताणून ताणून खाल्लं. तरी पुष्कळ उरलं. उरलेलं इंदूबाईनं घरोघरी वाटून टाकलं, एक तुकडा ठेवला नाही. आनंदा तिच्याशी बोलायला दोनदा गेला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आला. तृप्ती दवाखान्याचा ड्रेस इस्त्री करत बसली होती. तिनंही मान वर केली नाही.

सकाळी इंदूबाईनं डबा ओट्यावर ठेवला, रोजच्यासारखा. कँटीनमध्ये कैलास रोजच्यासारखा शेजारी येऊन बसला. आनंदानं डबा उघडला. पिझ्झा नव्हता. एक भाकरी आणि एकाच माणसापुरती सुकटीची चटणी. आनंदाला बायकोचं म्हणणं कळलं. चांगलं कळलं. डबा आपल्याकडं ओढायचा आणि आज तुझं न्हाई म्हणायचं, एवढंच तर होतं.

त्यानं भाकरी मोडली आणि निम्मी कैलासपुढं ठेवली. चटणीही निम्मी केली.

"काय बी म्हन," कैलास खाता खाता म्हणाला, "वहिनीच्या हाताला चव हाय."

"व्हय," आनंदा म्हणाला.